वेल्डरकडे ठेवलेल्या टाक्या

ड्रायव्हरकाकांनी उभा जन्म बस चालवली होती. कुठल्या गाडीला चढावर धाप लागते, कुठली थंडीत रुसून बसते, कुठलीला दोन शिव्या हासडल्याशिवाय चालूच व्हायचं नसतं, हे त्यांना घरच्या माणसांच्या स्वभावासारखं पाठ होतं. इंजिनाच्या बाबतीत त्यांचं मत एकच आणि ठाम: इंजिनाला डिझेल पाजावं, अगदीच नाइलाज झाला तर पेट्रोल. गॅस ही चुलीची चीज. तिने चुलीपाशीच राहावं.

त्यामुळे त्यांच्या पोटच्या पोरीने घरामागच्या जनरेटरला गॅसची नळी जोडली, तेव्हा घरातच फितुरी झाल्यासारखं त्यांना वाटलं. ही तीच पोर, जिला लहानपणी त्यांनीच मांडीवर बसवून प्लग कसा पुसायचा ते दाखवलं होतं. आता तिचं स्वतःचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं आणि बापाचं ऐकायला तिला सवड नव्हती.

जनरेटर होता सुनेच्या हॅचरीसाठी. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षाकाठी दोनदा घरी यायचा. सुनेने घरामागच्या लांबट खोलीत दोन उबवणी यंत्रं मांडली होती. एकात नवी अंडी, दुसऱ्यात पिल्लं बाहेर यायला टेकलेली. तिच्या हातची पिल्लं निरोगी म्हणून आसपासचे कोंबडीवाले तिच्याकडेच यायचे. पण गेल्या हिवाळ्यात वीज गेली, ऐन वेळी जनरेटरने मान टाकली आणि यंत्रातल्या अंड्यांचा अख्खा घाणा थंड पडला. सुनेने ती अंडी एकटीने मागे खड्डा खणून पुरली. नणंद आली, जनरेटर खोलून बसली आणि तळाशी साचलेला चिकट राळेसारखा थर बोटावर घेऊन तिने बापाला दाखवला.

“बघ बाबा. महिनोन्‌महिने पेट्रोल पडून राहिलं की असं होतं. शिळं होतं ते. जनरेटर काय रोज लागतो का? लागेल तेव्हा चाललाच पाहिजे. हा गॅस, प्रोपेन, टाकीत वर्षानुवर्षं पडून राहू दे, जसाच्या तसा. प्लग काळा होत नाही, तेल लवकर खराब होत नाही.”

“आणि फुटलं तर?”

“टाकी बाहेर उघड्यावर ठेवायची, नळी नीट जोडायची. फुटेल कशाला?”

काकांकडे बोलण्यासारखं होतं, पण ते बोलायचं म्हणजे बरंच मागे जावं लागलं असतं, आणि तिथे जायची त्यांची तयारी नव्हती.

झालं. दोन उंच टाक्या मागच्या भिंतीशी साखळीने बांधून उभ्या राहिल्या, आणि काकांची झोप उडाली. जरा वारा सुटला की त्यांना फुसफुस ऐकू यायची. उठून खिडकीशी जायचे, नाक फुलवून वास घ्यायचे. वास रातराणीचा असायचा. पुन्हा आडवे व्हायचे, पुन्हा फुसफुस.

शेवटी एके दुपारी, सून पिल्लं पोचवायला गेलेली असताना, त्यांनी गल्लीच्या टोकाच्या वेल्डरला बोलावलं. वेल्डरला पत्रे कापायला प्रोपेन लागायचंच.

“घेऊन जा बाबा या दोन्ही. तुझ्याकडे ठेव. लागल्या तर वापर.”

“काका, वहिनींना विचारलंय ना?”

“मी या घराचा कोण आहे?” काकांनी आवाज चढवला. वेल्डर बिचारा सज्जन माणूस, तो गडी घेऊन आला आणि टाक्या घेऊन गेला. काकांनी एकीलाही हात लावला नाही, आठ पावलं लांब उभे राहून फक्त “सावकाश, सावकाश” म्हणत राहिले. मग पडवीत ठेवलेला पेट्रोलचा जुना डबा काढला, आणि जनरेटरच्या टाकीत ओतला. झाकण घट्ट होतं, म्हणजे माल चांगलाच असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रात्री सुनेला सांगू, असं ठरवलं. रात्री म्हणाले, सकाळी सांगू. सकाळी ती घाईत होती. टाक्या जनरेटरच्या मागे, भिंतीच्या आडोशाला असायच्या, त्यामुळे मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसायच्या नाहीत. आजचं उद्यावर आणि उद्याचं परवावर गेलं, आणि न सांगितलेल्या गोष्टीपायी झोप लागेना ती लागेनाच.

वादळ आलं ते भल्या सकाळी. आधी पत्रे थडथडले, मग कोपऱ्यावरचं झाड कडाडून तारांवर आडवं झालं आणि घरातला पंखा हळूहळू थांबला. काका चहाचा कप हातात धरून त्या पंख्याकडे बघतच राहिले.

सून हॅचरीतून बाहेर आली. चेहरा शांत. “बाबा, पिल्लं चोच मारायला लागलीत. आतून चिवचिव ऐकू येतेय. पण काळजी नाही, या वेळी गॅस आहे आपल्याकडे.”

काकांनी कप तिथेच खाली ठेवला.

“तू थांब,” ते म्हणाले, “मी करतो चालू.” आणि चपला उलट्यासुलट्या घालून ते मागे पळाले. जनरेटरचा पेट्रोलचा कॉक उघडला, दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. इंजिनाने काळ्या धुराची एक गुळणी टाकली आणि गप्प झालं. काकांनी दोरी ओढली, ओढली, खांदा निखळेस्तोवर ओढली. मग त्याला विनवलं, मग बसला घालायचे त्या दोन्ही शिव्या घातल्या. ढिम्म.

मागे सून येऊन उभी होती. तिने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. साखळी नुसती लोंबत होती.

“बाबा, टाक्या कुठेत?”

“वेल्डरकडे.” काका म्हणाले. “मीच दिल्या. मला भीती वाटत होती. तुला सांगायचं राहिलं... राहिलं नाही, मी सांगितलं नाही.”

सून त्यांच्याकडे वळली. ओठ घट्ट मिटलेले. काकांना वाटलं, आता ही फुटणार. आणि फुटली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण ती म्हणाली, “मला आत्ता चिडायला वेळ नाहीये. मी यंत्रांवर गोधड्या टाकते. दारं उघडायची नाहीत, आतली ऊब आतच राहिली पाहिजे. थोडा वेळ निभेल. जास्त नाही निभणार. तुम्ही ताईंना फोन लावा.”

काकांनी फोन लावला. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, “बाबा, धन्य आहे तुझी.” मोटरसायकलवरून आडव्या पडलेल्या फांद्या चुकवत ती आली, हेल्मेट न काढताच जनरेटरशी उकिडवी बसली.

“पेट्रोल आणू का ताजं?” काकांनी विचारलं.

“कुठून? पंपावरही वीज नाही, तो उपसणार कशाने? आणि आणलंस तरी तुझ्या त्या शिळ्या पेट्रोलने आतली भोकं बुजलीत, ती साफ करायला अर्धा दिवस जाईल.” तिने प्लग काढला, तो ओलाचिंब होता. फडक्याने पुसत ती म्हणाली, “गॅसला मात्र त्या भोकांतून जावंच लागत नाही. त्याची वाट वेगळी आहे. टाकी मिळाली की मी लगेच चालू करून देते. मी इथे उरलेलं पेट्रोल काढून सगळं कोरडं करते. टाक्या आण.”

“मी?”

“मग कोण? वहिनी पिल्लांना सोडून जाणार, का मी हे असं उघडं टाकून जाऊ?”

काकांनी हातगाडी काढली.

गल्लीत वारा असा होता की रिकामी गाडी त्यांना ओढून नेत होती. वेल्डरच्या दुकानाला कुलूप. काकांनी शटरवर धपाधप हात मारले. वरच्या खिडकीतून वेल्डरच्या आईने डोकं बाहेर काढलं. बाईंना ऐकू कमी यायचं.

“तो नाहीये! सासुरवाडीला गेलाय!”

“टाक्या! माझ्या टाक्या!” काका ओरडले.

“काक्या? कोण काक्या?”

“अहो टाक्या! गॅसच्या!”

“हां, हां, गॅस! मागे आहे, जाळीत. आमचा घरात ठेवत नाही हो. म्हणतो, हवेपेक्षा जड असतो तो, गळला तर खाली जमिनीलगत साचून बसतो, उघड्यावर असलेला बरा.” त्यांनी किल्ली एका जुन्या मोज्यात घालून दोरीने खाली सोडली. “आणि कुलूप आठवणीने लावा!”

मागच्या अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात त्यांच्या दोन्ही टाक्या उभ्या होत्या, साखळीने बांधलेल्या. काकांनी कुलूप काढलं आणि तिथेच थांबले. हात पुढे जाईना.

डेपोतल्या कँटीनमधली ती सकाळ त्यांना आठवली. त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर, वर्षानुवर्षांचा जोडीदार, चहा सांगायला म्हणून आत गेला होता. काका बाहेर टायरची हवा बघत होते. नुसता धप्प असा आवाज झाला, मोठा पण नाही, आणि दारातून जाळ बाहेर आला. जोडीदार वाचला, पण त्याचे हात गेल्यातच जमा झाले. तिकीट फाडणारे हात. त्याने परत कधी घंटीची दोरी ओढली नाही. त्या दिवसापासून काका स्वतःच्या घरातही शेगडी दुसऱ्याला पेटवायला लावत.

वर पत्रा फडफडला. काकांना त्या पत्र्यापेक्षा मोठ्याने, अंड्याच्या आतून येणारी चिवचिव ऐकू आली. आणि मग सुनेने गेल्या हिवाळ्यात खणलेला खड्डा दिसला.

“चल बाई,” ते पहिल्या टाकीला म्हणाले, “मी तुला काही करत नाही, तूही मला काही करू नकोस.” आणि त्यांनी तिला मिठी मारली.

ती बोजड होती पण हलली. बुडावर तिरपी करून, गोल फिरवत फिरवत, त्यांनी ती गाडीपाशी आणली. दुसरी जरा हलकी लागली. वेल्डरने थोडी वापरली असणार. गाडीच्या फळीवर दोघींना उभं करून त्यांनी दोरी करकचून बांधली, तरी भरवसा वाटेना. मग अंगातला सदराही काढून दोघींच्या कमरेला गुंडाळला. कुलूप लावलं, किल्ली मोज्यात घातली, वरून बाईंनी ती ओढून घेतली आणि म्हणाल्या, “अहो, सदरा घाला, थंडी वाजेल!”

भर वादळात, बनियनवर, दोन टाक्यांना एका हाताने कवटाळून हातगाडी रेटत ड्रायव्हरकाका गल्लीतून निघाले. बसमध्ये साठ माणसं घेऊन घाट उतरतानासुद्धा ते इतके सावध नव्हते. खड्डा आला की थांबत, चाक हळूच उतरवत, “सांभाळून गं बायांनो” म्हणत. कोणी पाहिलं असतं तर म्हातारा दोन बहिणींची पाठवणी करायला निघालाय असंच वाटलं असतं. घराच्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की आपला हात टाकीवर आहे, केव्हाचा आहे, आणि काहीही झालेलं नाही.

लेकीने जड टाकी भिंतीशी उभी केली, साखळी लावली, नळी जोडली. मग वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने सगळ्या जोडांवर फासला आणि टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडला.

“इकडे ये बाबा. बघ.”

“इथून दिसतंय.”

“इथून नाही दिसत. जवळ ये.”

काका वाकले. नळी जिथे टाकीला बसत होती तिथे फेसात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा.

“गळतंय!” काका एवढ्या जोरात मागे उडाले की पाठ भिंतीवर आपटली. “मी म्हणत नव्हतो? बंद कर! बंद कर आधी!”

लेकीने व्हॉल्व्ह बंद केला. शांतपणे. नट काढून पाहिला, त्यावर वाळूचा एक कण बसला होता, तो पुसला, पुन्हा आवळला आणि फेस लावला. “आता तू उघड.”

“मी?”

“हात तुझा थरथरला तरी चालेल. व्हॉल्व्ह काही पाहत नाही.”

काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. दोघं श्वास रोखून फेसाकडे बघत राहिली. फेस नुसता बसून राहिला, दुधावरच्या सायीसारखा. बुडबुडा नाही. अजून थांबले. नाहीच.

“असं बघता येतं?” काका हळूच म्हणाले.

“असंच बघतात.”

“तेव्हा कोणी बघितलं नव्हतं गं.” आणि मग, उकिडवं बसल्या बसल्या, त्यांनी लेकीला कँटीनची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत. लेकीने जोडीदारकाकांना लहानपणी पाहिलं होतं, ते हात नेहमी खिशात का ठेवत ते तिला आज कळलं. तिने बापाच्या उघड्या खांद्यावर स्वतःचं जॅकेट टाकलं. “हे आधी सांगितलं असतंस तर मी आधीच फेस लावून दाखवला असता ना.” मग रेग्युलेटरवरचं बटण क्षणभर दाबून तिने गॅस पुढे सोडला. “ओढ दोरी.”

काकांनी ओढली. इंजिन एकदा हुंकारलं, दुसऱ्या ओढीला पेटलं आणि सरळ धावायला लागलं. धूर नाही, गुळणी नाही. आवाज एकसारखा, मऊ. आत सुनेने ओरडून सांगितलं, “आली! वीज आली! पंखे फिरतायत!”

काका तिथेच जमिनीवर बसले.

“वहिनी, फक्त यंत्रं चालवा हं!” लेक ओरडली. “पाण्याची मोटर नको, फ्रीज नको. गॅसवर जोर जरा कमी असतो.” मग बापाकडे वळून म्हणाली, “मी दुकानाकडे एक चक्कर टाकून येते, तिथला पत्रा उडालाय. तू बस इथे. धुराचं तोंड मोकळ्याकडे आहे, पण खोलीच्या खिडक्या या बाजूच्या बंदच ठेवा. काही वाटलं तर फोन कर.”

काका बसले. नेहमीच्या सवयीने कान इंजिनात. ऐकता ऐकता त्यांना कबूल करावं लागलं की आवाज चांगला आहे. दुपार कलल्यावर त्यांना तो आवाज किंचित पडल्यासारखा वाटला. दुसऱ्या कोणाला कळला नसता. चढावर गाडी दमते तसा, अगदी थोडा. काकांनी टाकीला हात लावला आणि दचकून काढला. खालच्या अर्ध्या भागावर पांढरं दव गोठलं होतं.

त्यांनी फोन लावला. “अगं, टाकी गोठलीय! बर्फ झालाय! आणि इंजिन दम टाकतंय. शेकोटी करू का खाली?”

“बाबा!” लेक एवढ्या जोरात ओरडली की त्यांनी फोन कानापासून लांब धरला. “जाळ अजिबात नको! काही बिघडलेलं नाही. एकाच टाकीतून भरभर गॅस ओढला की ती गार पडते, मग पुरेसा गॅस देत नाही. दुसरी टाकी शेजारी जोडायची, म्हणजे ओझं दोघींत वाटलं जाईल. जोडनळी घेऊन येते. पण आवाजातला फरक बरा ओळखलास तू. मला वाटलं होतं, बंद पडल्यावरच कळेल.”

ती आली. या वेळी फेस काकांनी केला. ब्रशही त्यांनीच फिरवला, जरा जास्तच, आणि प्रत्येक जोडाशी नाक नेऊन बघितलं. दुसरी टाकी जोडल्यावर इंजिनाचा आवाज पुन्हा भरला, आणि पहिलीवरचं पांढरं हळूहळू पाणी होऊन ओघळलं.

संध्याकाळी सुनेने त्यांना आत बोलावलं. यंत्राच्या काचेतून काका बघत राहिले. एक अंडं मधोमध चिरलेलं, आणि आतला जीव पाय झाडत होता, थांबत होता, पुन्हा झाडत होता. बाजूला जी पिल्लं बाहेर आली होती ती ओली, दमलेली, एकमेकांवर माना टाकून पडलेली. कोरडी झालेली तेवढी उगाच इकडून तिकडे पळत होती.

“किती गेली गं?” काकांनी विचारलं. प्रश्न त्यांनी सकाळपासून गिळून ठेवला होता.

“काही गेली असतील. नेहमीच जातात. पण घाणा वाचला, बाबा.” ती यंत्राला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसतही नव्हती. मग तिला आठवलं. “आणि आता मी चिडणार आहे. मला न विचारता माझ्या टाक्या देऊन टाकल्या? भीती वाटत होती तर मला सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

“चीड, चीड,” काका म्हणाले, “मी ऐकतो.” आणि ती खरंच चिडली. मनसोक्त चिडली. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, एकदाही ‘मी या घराचा कोण आहे’ म्हटलं नाही. लेक दाराशी उभी राहून हसू दाबत होती. चिडून झाल्यावर सून म्हणाली, “जेवलात का?” तेव्हा कळलं, तिघांपैकी कोणीच सकाळपासून जेवलेलं नाही.

वीज दुसऱ्या दिवशी, दुपारचं ऊन तापल्यावर आली. काकांनी आधी टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद केले, नळीतला उरलेला गॅस जळू दिला, आणि इंजिन आपोआप थांबलं. एकदम केवढी तरी शांतता झाली. मग हॅचरीच्या दारातून आवाज यायला लागला, कालपासून इंजिनाखाली दबलेला: शेकडो चोची, सगळ्या एकाच वेळी, काही ना काही मागत असलेल्या.

“अगं बाई,” सून म्हणाली, “ही सगळी एवढी ओरडत होती?”

काका दाराशी स्टूल टाकून बसले आणि ऐकत राहिले. ऐकता ऐकता, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, ते गाढ झोपले. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदाच.